टॅक्सी पासिंगची बोट

सेकंडहँड गाडी बघायला गेलो की आपण पहिला प्रश्न कुठला विचारतो? ॲव्हरेज किती देते, हा दुसरा. पहिला प्रश्न, 'टॅक्सी पासिंग तर नव्हती ना?' पिवळ्या नंबरप्लेटवर रात्रंदिवस पळवलेली, शंभर ड्रायव्हरांच्या हातून गेलेली गाडी घेऊ नये, हे आपल्याला काकापासून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यापर्यंत सगळ्यांनी शिकवलेलं असतं. आणि गाडीच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे.

तर बॉस, मी टॅक्सी पासिंगची बोट घेतली आहे. एकट्याने नाही, तिघांत मिळून. तेहेतीस फुटी, फायबरची, आत तीन केबिन, किचन, टॉयलेट, शॉवर. आयुष्यातली पंचवीसेक वर्षं ती दर आठवड्याला नव्या माणसांच्या ताब्यात होती. त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी बोटीचं स्टिअरिंग कधी हातात धरलेलं नव्हतं. ते शिकण्यासाठी त्यांनी जे काही धडकवलं, त्याच्या खुणा तिच्या पुढच्या टोकावर अजून आहेत. तरीही, किंबहुना म्हणूनच, ती घेतली. का ते सांगतो. उद्या तुमच्यापैकी कुणी ऑनसाइटला इंग्लंडात आलं आणि नेमकं असलं खूळ डोक्यात शिरलं, तर उपयोगी पडेल.

आधी जागा समजून घ्या. मी नॉरिचला असतो. लंडनच्या ईशान्येला, ट्रेनने दोनेक तासांवर. इथे विमा कंपन्यांची ऑफिसं आहेत, त्यामुळे आयटीवाले मराठी चेहरे बऱ्यापैकी दिसतात. शहराच्या पूर्वेला, समुद्रापर्यंत, नद्या आणि तळ्यांचं एक सपाट जाळं पसरलंय. त्याचं नाव ब्रॉड्स. डेव्हिड बोवीच्या १९७१च्या 'लाइफ ऑन मार्स' गाण्यात ज्याचा उल्लेख येतो, तेच हे. सुमारे दोनशे किलोमीटरचा जलमार्ग, आणि त्यात कुठेही लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलणारी दारं, नाहीत. गंमत म्हणजे ही तळी निसर्गाने केलेली नाहीत. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी इथलं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती, खणून काढलं. पुढे पाणी चढलं आणि खड्ड्यांची तळी झाली. हे १९५०च्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं. तोवर सगळे त्यांना नैसर्गिकच समजत होते.

रॉक्समला जॉन लॉइन्स नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिडाच्या बोटी भाड्याने द्यायला सुरुवात केली. मग बुकिंग एजन्सी आल्या, इंजिनं आली, आणि १९६०नंतर लाकडाच्या जागी फायबरग्लास आला. ऐन भरात, १९७०च्या दशकाच्या शेवटी, इथे भाड्याच्या मोटरबोटी दोन हजारांच्या वर होत्या. मग इंग्रजांना स्वस्त विमानाने स्पेनला जायची चटक लागली. आता त्या हजाराच्या आत आहेत. मग बाकीच्या गेल्या कुठे? काही भंगारात. पण फायबर सहजी मरत नाही. बऱ्याचशा माझ्यासारख्यांच्या हाती आल्या.

लायसन्स? कसलं लायसन्स?

बोट विकत घ्यायच्या आधी ती भाड्याने घ्यायची, हा यातला पहिला फंडा. आणि इथेच आपल्याला पहिला धक्का बसतो, कारण बोट चालवायला लायसन्स लागत नाही. आपल्याकडे स्कूटीला लागतं. इथे तुम्ही दुपारी यार्डात पोचता, यार्डाचा माणूस पाऊण-एक तास तुमच्यासोबत फिरतो, वळवून दाखवतो, बांधून दाखवतो, लाइफजॅकेटं देतो, आणि मग चक्क किनाऱ्यावर उतरून टाटा करतो. दहा मीटरचं धूड आता तुमचं. ब्रेक नाहीत. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा. स्टिअरिंग फिरवल्यावर बोट दोन-तीन सेकंद विचार करते आणि मग वळते, तीही मागून. म्हणजे पुढचं टोक डावीकडे जायला लागलं की शेपूट उजवीकडे झाडून जातं.

पण वेगमर्यादा ताशी तीन ते सहा मैल. पुण्यात लक्ष्मी रोडला संध्याकाळी सहा वाजता जो वेग मिळतो, तो. त्यामुळे बहुतेक गोष्टी सावकाश चुकतात.

सावकाश चुकत नाहीत अशा दोन जागा आहेत. एक म्हणजे पूल. भाड्याच्या प्रत्येक बोटीत स्टिअरिंगसमोर एक पाटी असते, की पाण्यापासून बोटीची उंची इतकी. पुलाजवळ पट्टी रंगवलेली असते, की आत्ता कमानीखाली जागा इतकी. भरती-ओहोटीने ती बदलत राहते. पॉटर हाइअमचा मध्ययुगीन दगडी पूल तर इतका बुटका की मधल्या कमानीखाली पाणी ओसरल्यावरही साडेसहा फुटांच्या आसपासच जागा मिळते. तिथे भाड्याच्या बोटीने स्वतः घुसायचंच नाही असा नियम आहे, पायलट घ्यावा लागतो. अलीकडच्या वर्षांत पाणी चढंच राहतं, त्यामुळे त्याखालून जाऊ शकणाऱ्या बोटी कमी कमी होत चालल्यात. दुसरी जागा ग्रेट यार्मथ. उत्तरेकडच्या नद्यांतून दक्षिणेकडे जायचं तर इथूनच जावं लागतं, आणि ओहोटीचा ओढ इथे असा असतो की लहान इंजिन त्यापुढे हात टेकतं. ओहोटी संपल्यावर तासाभराने पाणी थोडा वेळ उभं राहतं, तेवढ्यात पार व्हायचं.

आम्ही दोन वर्षांत चार वेळा, चार वेगवेगळ्या प्रकारच्या बोटी भाड्याने घेतल्या. ऑगस्टमध्ये चौघांच्या बोटीला आठवड्याचे हजार पौंडांच्या पुढेच लागतात, म्हणजे लाखभर रुपयांच्या वर. एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये बरंच स्वस्त पडतं. पण हा खर्च फुकट जात नाही. बुटकी, मधोमध सरकतं छप्पर असलेली बोट पुलांखालून सगळीकडे जाते, पण आत बसल्यावर बाहेरचं काही दिसत नाही. वर डेकवर दुसरं स्टिअरिंग असलेली बोट दिसायला सॉलिड, ऊन पडलं की स्वर्ग, आणि अर्ध्या पुलांना बाद. बायकोला स्वयंपाक करताना नदी दिसायला हवी होती. ब्रोशरमध्ये असले प्रश्न उमगत नाहीत. भर पावसात तीन दिवस एकाच केबिनमध्ये चौघं अडकले की उमगतात.

घड्याळातले तास

आता मुद्द्यावर येतो. भाड्याची बोट विकायला का काढतात? इंजिन बसलं म्हणून फार क्वचित. गिऱ्हाइकाला नवं हवं असतं म्हणून. मोठा टीव्ही, मोठा शॉवर, डबल बेड. दहा वर्षांपूर्वीच्या हॉटेलची खोली जशी 'जुनी' वाटते, तसंच. यार्ड नवी बोट पाण्यात सोडतं आणि सीझन संपला की ताफ्यातली सगळ्यात जुनी विकायला काढतं.

या बोटींत मैलांचं मीटर नसतं, इंजिन किती तास चाललं ते सांगणारं घड्याळ असतं. हिशेब करून बघा. समजा सीझन तीस आठवड्यांचा आणि आठवड्याला बोट तीस तास चालते, तर वर्षाचे झाले नऊशे तास. दहा वर्षांत नऊ हजार. हौशी मालकाची बोट वीकेंडला आणि सुट्टीत मिळून वर्षाला शंभर-दीडशे तास चालली तर खूप. म्हणजे कागदावर नऊ हजारवाली म्हातारी आणि हजारवाली तरुणी. आपला टॅक्सी पासिंगवाला मेंदू लगेच हजारवालीकडे धावतो.

आमच्यासमोर अक्षरशः हाच पेच होता. दोन्ही बोटी एकाच काळातल्या, जवळजवळ एकाच साच्यातल्या. पहिली थेट यार्डातून येणारी, अजून ताफ्याचा रंग अंगावर. पाच आकडी तास, गाद्यांची कव्हरं तपकिरी, पडद्यांना तळलेल्या बेकनचा वास. दुसरी बारा वर्षांपूर्वी भाड्यातून बाहेर पडून एका खासगी मालकाकडे गेलेली. आत पांढरं पेंट, नवी गॅसशेगडी, निळ्या-पांढऱ्या उशा, एलईडी लाइट. घड्याळात त्यानंतर जेमतेम हजार तासांची भर. किंमत दोन-तीन हजार पौंडांनी जास्त, पण तिघांत वाटल्यावर ते काय! आम्ही तिघंही दुसरीच्या प्रेमात होतो. पैसे बचतीतले होते. माझ्या वाट्याचे तर पुण्याच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटमधून काढलेले.

त्याच उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. माझे बाबा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. बस तिथे येते, उघडतात, पुन्हा बांधतात आणि पुन्हा रस्त्यावर सोडतात. आयुष्य त्यात गेलं. त्यांना दोन्ही बोटी दाखवायला नेलं, ते खरं तर ट्रिप म्हणून. त्यांनी उशांकडे बघितलंही नाही. "इंजिनाचं झाकण कुठंय?" एवढंच विचारलं. ते केबिनच्या फळ्यांखाली असतं. गुडघ्यावर बसले, इंजिनाखाली हात घातला, बोटं वर काढून वास घेतला.

"अरे, किती चालली ते सोड," बाबा म्हणाले, "उभी किती होती ते विचार."

मग मी विचारलं. मालकाची तब्येत बरी नव्हती, दोन सीझन बोट हललीच नव्हती. बाबा म्हणाले, "डेपोत उभी राहिलेली गाडी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा लवकर मरते." मला हे तेव्हा जुन्या माणसाचं सुभाषित वाटलं. सर्व्हेअरने तेच इंग्रजीत, दरपत्रकासकट सांगितलं.

उभ्या बोटीत होतं काय? डिझेलची टाकी अर्धी रिकामी राहते, आतल्या हवेतलं बाष्प थंडीत धातूवर जमतं आणि पाणी तळाशी साचतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे चक्क जिवाणू आणि बुरशी वाढते. त्याचा काळा चिकट गाळ होतो आणि तो नेमका यार्मथच्या ओढात फिल्टर तुंबवतो. इंजिन थंड ठेवायला नदीचं पाणी खेचणारा जो पंप असतो, त्याच्या रबरी पाकळ्या एकाच स्थितीत दबून राहतात आणि वाकड्याच होतात. बॅटऱ्या मरतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, खिडकीच्या कडेने ठिबकणारं पाणी पुसायला कुणी नसतं. फायबरचं बाहेरचं अंग ठणठणीत, आणि आत प्लायवूडची भिंत बिस्किटासारखी.

भाड्याच्या बोटीला हे होऊच देत नाहीत, कारण दर आठवड्याला तिला पैसे कमवायचे असतात. बदलीच्या दिवसाची सकाळ एकदा यार्डात उभं राहून बघा. नऊ वाजता जुनी पार्टी उतरते, दुपारी तीन-चारला नवी येते. मधल्या वेळात एक टोळी चादरी बदलते आणि दुसरी टोळी फळ्या उचलते. ऑइल, कूलंट, बेल्ट. पाण्याच्या गाळणीतलं शेवाळ. पंख्याचा दांडा जिथून बोटीबाहेर जातो, तिथल्या ग्रीसची फिरकी. गॅस. टॉयलेटची टाकी उपसणं. मागच्या पार्टीने 'थोडा आवाज येतो' असं सांगितलं असेल तर तो आवाज. वर्षाला तीस वेळा कुणीतरी जाणकार माणूस तिच्या पोटात डोकं घालतो. दोनशे तासांनी ऑइल बदलतात असं धरलं, तर नऊशे तासांत चार-पाच वेळा. हौशी मालक वर्षातून एकदा बदलतो, तोही आठवण झाली तर.

पहिल्या बोटीचं सर्व्हिस कार्ड यार्डाच्या फोरमनने ड्रॉवरमधून काढून दिलं. ऑइलचे डाग पडलेलं, पंधरा वर्षांचं. इंजिन मध्ये एकदा पूर्ण बदललेलं, गिअरबॉक्स दोनदा. बाबांना इंग्रजी बोलताना अडखळायला होतं, पण कार्ड त्यांनी पेपर वाचावा तसं वाचलं. मग ते आणि तो फोरमन अर्धा तास इंजिनापाशी बसून होते. काय भाषेत बोलत होते देव जाणे.

नारळ वाजवून घ्या

बाबा होते म्हणून सर्व्हे टाळला, असं करू नका. आम्हीही केला नाही. सर्व्हेसाठी बोट क्रेनने पाण्याबाहेर उचलावी लागते, त्याचे पैसे वेगळे, आणि सगळं मिळून चार आकडी खर्चाच्या आसपास जातं. पैसे जिवावर येतात. पण जुन्या बोटीला विमा देताना बहुतेक विमा कंपन्या हा रिपोर्ट मागतातच, आणि ब्रॉड्सवर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे.

सर्व्हेअर छोटी हातोडी घेऊन पूर्ण बूड टकटक वाजवत जातो. ("कलिंगड घेतोय होय?" इति बाबा.) जिथे आवाज बद्द येतो तिथे फायबरचे थर सुटलेत. ओलावा मोजायचं यंत्र असतं. बुडाला फोड आलेत का ते बघतात. पाणी वर्षानुवर्षं बाहेरच्या थरातून झिरपलं की असे फोड येतात. एवढ्याने बोट बुडत नाही, पण दुरुस्ती महाग. भाड्यातल्या बोटीत आणखी एक खास जागा बघायची, ती म्हणजे पुढचं टोक आणि कडेचा जाडजूड रबरी पट्टा. पट्टा चेपलेला असला तर काही नाही, तो त्यासाठीच असतो. पट्ट्याच्या आत, जिथे छप्पर आणि बूड जोडलंय, तो सांधा उकललाय का ते बघा.

दुसऱ्या बोटीचा रिपोर्ट वाचून आमची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. शॉवरमागची भिंत ओली. पाणी बंद करायचा बुडातला एक व्हॉल्व्ह गंजून बसलेला, म्हणजे पाइप फुटला तर तो बंदच होणार नाही. आणि ती सुंदर नवी गॅसशेगडी? मालकाने स्वतः बसवलेली, साध्या रबरी नळीने, जी इथल्या बोटीत चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता, पण त्याची मुदत संपून तीन वर्षं झालेली.

उशा, पडदे, लाइट हे सगळं हसण्यावारी नेता येतं. हे नाही. आपल्याकडे बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून अंघोळ करताना माणसं दगावल्याच्या बातम्या दर थंडीत येतात. बोटीची केबिन म्हणजे तसंच बाथरूम, त्यात वर झोपायचंही तिथेच. २०१६च्या जूनमध्ये रॉक्समला एका पेट्रोल इंजिनाच्या खासगी बोटीत दोघं जण इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने गेले. या वायूला वास नाही, रंग नाही. एप्रिल २०१९पासून केबिन असलेल्या बोटींना अलार्म सक्तीचा झाला. भाड्यातून आलेल्या बोटींचं एक बरं आहे, इंजिन जवळजवळ नेहमीच डिझेल असतं, त्यात या वायूचा धोका पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी. पण गॅसची शेगडी असतेच. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खिडकीतून जात नाही, बोटीच्या तळाशी जाऊन साचतो. बोटीचं तळ म्हणजे बंद पातेलं.

बोट सेफ्टी स्कीमचं सर्टिफिकेट दर चार वर्षांनी घ्यावं लागतं. आपल्या पीयूसीसारखं ते नुसतं चिकटवून मोकळं होऊ नका. चार वर्षांत एक दिवस कुणीतरी तपासून गेला, बाकीच्या चौदाशेहून जास्त दिवसांचं काय? ताफ्यात असताना दर आठवड्याला तपासणारं कुणीतरी असतं. ज्या दिवशी बोट विकली जाते, त्या दिवसापासून ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

आम्ही तपकिरी गाद्यांवाली घेतली. पंचवीस हजार पौंडांच्या आत, तिघांत.

पट्टा

आमच्या तिघांतला एक माझा इंजिनिअरिंगचा मित्र आणि एक ऑफिसातला इंग्रज सहकारी. भागीदारीचा कागद वकिलाकडून करून घेतला. कोणाला कुठले आठवडे, दरमहा डब्यात किती टाकायचे, कुणाला बाहेर पडायचं झालं तर हिस्सा किती दिवसांत आणि कोणत्या भावाने विकायचा. मित्रांत कागद कशाला, असं सगळे म्हणतात. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने तरी असं म्हणू नये. माझ्या मित्राची बदली दीड वर्षात पुण्याला झाली, आणि त्या कागदामुळे आमची मैत्री व्हॉट्सॲपवर शिल्लक आहे.

बाबांनी जाण्याआधी एका पुठ्ठ्यावर मार्करने यादी लिहून इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली. डेपोतून गाडी सोडण्याआधी असते तशी. 'ऑइल. पाणी. पट्टा. गाळणी. ग्रीस एक फेर. बूड कोरडं?' देवनागरीतच. इंग्रज भागीदाराला आम्ही भाषांतर करून द्यायला तयार होतो, पण त्याने तशीच पाठ केली. आता तो सकाळी केबिनमधून ओरडतो, "पट्टा ओके!" बेल्ट हा शब्द तो बोटीवर वापरतच नाही.

भाड्याच्या बोटीच्या काही सवयी मात्र तुम्हाला मोडाव्या लागतात. तिची रचना आठवडाभर रोज चार-पाच तास इंजिन चालणार, असं धरून केलेली असते. गरम पाणी इंजिनाच्या उष्णतेवर, बॅटरी इंजिनावर. तुम्ही मात्र शुक्रवारी रात्री ऑफिसातून सुटून येणार, नुसती बांधलेल्या जागी झोपणार, शनिवारी तासभर फिरणार. दुसऱ्याच वीकेंडला फ्रिजने बॅटऱ्या खाल्लेल्या असतात. आम्ही आतल्या वापराच्या बॅटऱ्या वाढवल्या, छपरावर सोलर पॅनेल टाकलं, किनाऱ्यावरून वीज घ्यायचं सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतलं. आठ जणांच्या झोपायच्या जागेपैकी दोन काढून तिथे कपाट केलं. आठ माणसं बोटीवर? एका टॉयलेटमध्ये? यार्ड जाहिरातीत लिहितं, कुणी प्रत्यक्ष करू नये.

पैशांचं म्हणाल तर बोटवाल्यांचा एक ठोकताळा आहे, बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी. आमच्या छोट्या किमतीला तो कमी पडतो. बांधायच्या जागेचं भाडं सगळ्यात मोठं, त्यामुळे ती रॉक्समसारख्या गर्दीच्या जागी न घेता आम्ही ब्रंडलला घेतली. तिथेही ट्रेन जाते. मग ब्रॉड्स ऑथॉरिटीचा टोल, जो बोटीची लांबी गुणिले रुंदी अशा क्षेत्रफळावर असतो. विमा. दर दोन-तीन वर्षांनी उचलून बुडाला शेवाळरोधक रंग. डिझेल त्या मानाने किरकोळ. इथे बोटींना लाल रंगवलेलं डिझेल मिळतं. रेशनचं निळं रॉकेल आठवा, तोच प्रकार. हीटिंगला जेवढं वापरणार त्यावर कर कमी, बोट हाकायला जेवढं वापरणार त्यावर पूर्ण. पंपावर तुम्हालाच विचारतात, किती-किती? बहुतेक लोक साठ-चाळीस सांगतात.

"मग भाड्याने दे ना, खर्च निघेल," हा सल्ला मला पुण्याहून किमान दहा जणांनी दिलाय. देता येत नाही. खासगी टोल, खासगी विमा आणि खासगी सर्टिफिकेटवर पैसे घेऊन बोट दिली की विमा गेलाच समजा. धंदा करायचा तर परवाना वेगळा, तपासण्या वेगळ्या, टोलही वेगळा. म्हणजे पुन्हा पिवळी प्लेट.

खरी परीक्षा नोव्हेंबरमध्ये. भाड्याच्या बोटी या दिवसांत शेडमध्ये असतात, आपली उघड्यावर. नळांतलं, हीटरच्या टाकीतलं, शॉवरच्या पंपातलं पाणी थेंब न थेंब काढायचं, नाहीतर गोठून फुगतं आणि तांब्याचा पाइप उकलतो. इंजिनात अँटिफ्रीझ. डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे बाष्पाला जागाच राहत नाही. गाद्या उभ्या करून ठेवायच्या. सगळी कपाटं उघडी. आणि मग महिन्यातून एकदा तरी, चार वाजता अंधारणाऱ्या त्या भयाण शनिवारी, जाऊन बघायचं. पहिल्या हिवाळ्यात मी एका रविवारी गेलो तेव्हा सरकत्या छपराच्या कडेने पाणी येऊन पायाखालच्या फळीपर्यंत पोचलं होतं. टॉवेलने टिपलं, सील बदललं, वीस पौंडांचं काम. मार्चपर्यंत तसंच राहिलं असतं तर ती दुसऱ्या बोटीतली भिंत आमच्याकडे झाली असती.

तुम्हाला यायचं असेल तर मे किंवा सप्टेंबरचा आठवडा धरा. नॉरिचहून रॉक्समची ट्रेन पंधरा-वीस मिनिटांत पोचते. पहिल्या खेपेला उत्तरेच्या नद्यांवरच राहा. हॉर्निंग, रॅनवर्थ, एकल. यार्मथ पुढच्या वेळी. रात्री बांधायला जागा दुपारी तीनच्या आत शोधा, उन्हाळ्यात चारनंतर सगळं भरतं. आणि विकत घ्यायचा किडा वळवळत असेल, तर बोट परत देताना फोरमनला हळूच विचारा, यंदा ताफ्यातून कोणती निघतेय. जाहिरात बऱ्याचदा ऑक्टोबरनंतर लागते, पण त्याला ऑगस्टमध्येच माहीत असतं. विचारून झालं की तिचं सर्व्हिस कार्ड बघायला मागा. काढून दिलं तर पुढे बोला.